उजवा बाण आणि परभणीचं वऱ्हाड

शेचाळिसाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण मी, उंची पाच फुटांना जेमतेम टेकणारी. बीडमध्येच एका ओळखीच्या डॉक्टरांची वापरलेली छोटी पांढरी गाडी घेतली. एसी बंद पडलेला, बाकी गाडी ठणठणीत.

शिकवणीच्या गाडीत इंडिकेटर दिला की समोर मधोमध हिरवा बाण चांगला ठसठशीत लुकलुकायचा. आमच्या गाडीत तसलं काही दिसेना. मला वाटलं, स्वस्तातली गाडी आहे, दिला नसेल बाण. खरं म्हणजे बाण दोन होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, स्टिअरिंगमागच्या वेगाच्या काट्यांच्या वरच्या दोन कोपऱ्यांत. पण मी बसले की स्टिअरिंगचं कडं बरोब्बर त्यांच्यावर यायचं. टिकटिक आवाज होता, तोही घड्याळाचा असावा तसा. खिडक्या उघड्या आणि वारा कानात, त्यात तो कुठला ऐकू यायला!

मोठ्या वळणावर स्टिअरिंग फिरलं की इंडिकेटरची दांडी आपोआप जागेवर यायची, म्हणून काही महिने माझं निभावून गेलं. अधूनमधून मागचा कुणी हॉर्न वाजवायचा, कुणी ओव्हरटेक करताना हातवारे करायचा. बाई गाडी चालवते म्हणून यांच्या पोटात दुखतंय, असं समजून मी मान ताठ करून पुढे जायचे.

मे महिन्यात चतुर्थीला सासऱ्यांना घेऊन लिंबागणेशला निघाले. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून सारी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं घरानं ठरवून टाकलं. माझ्या शेजारी बसले की ते तोंडातून शब्द काढत नसत. मला वाटायचं, सुनेचं ड्रायव्हिंग त्यांना पसंत नाही.

पेट्रोल पंपावर एक फुलांनी सजवलेली गाडी उभी होती, तिच्या मागे वऱ्हाडाचा टेम्पो. परभणीकडची माणसं. मंगल कार्यालयाचा पत्ता विचारत होती. ते कार्यालय माझ्याच रस्त्यावर, मांजरसुंब्याचा घाट संपल्यावर पुढे उजव्या हाताला. शाळेच्या एका लग्नाला मी तिथे जेवून आले होते.

"माझ्या मागे या," मी म्हणाले. "कार्यालय आलं की मी उजवा इंडिकेटर दाखवते. तुम्ही वळा, मी सरळ देवाला जाते."

नवरदेवाच्या आईनं तिथल्या तिथं मला हळदकुंकू लावलं. मलाही फार बरं वाटलं.

घाट चढून गेल्यावर कडब्याचा एक ट्रॅक्टर आडवा आला. कडबा दोन्ही बाजूंनी रस्त्यावर सांडलेला. मी उजवा इंडिकेटर दिला, हॉर्न दिला, जराशी बाहेर निघून ट्रॅक्टर मागे टाकला आणि पुन्हा डावीकडे आले. एवढ्याशा वळणानं दांडी काही जागेवर येत नाही. ती तशीच राहिली. बाहेर दुपारचं ऊन, मागे कडब्याची धूळ, आणि मी वऱ्हाडाची वाटाडी झाल्याच्या आनंदात.

थोड्या अंतरावर शेळ्यांचा कळप आला म्हणून मी हळू झाले. शेळ्या गेल्या, मी निघाले. पुढे कार्यालयाची कमान आली तेव्हा आरशात पाहिलं, तर मागे कुणीच नाही. कमानीशी सनई चालू होती आणि फेटे बांधलेली माणसं रस्त्याकडे डोळे लावून उभी होती.

"मामा, वऱ्हाड कुठं गेलं?"

"वळलं की," मामा म्हणाले. "तू उजवी साईड दिलीस ना शेळ्यांपाशी."

"मी कुठं दिली?"

"आजून चालू हाय."

मी दांडी चाचपली. खरंच चालू होती. "मग तुम्ही सांगितलं कावून नाही?" घाईत माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

मामा म्हणाले, "तीस वर्सं मागून लोकं सांगायची, हळू घ्या, जोरात घ्या, तिकडून घ्या. लई राग यायचा. म्हणून ठरवलंय, चालवणाऱ्याला शिकवायचं न्हाई. मला हितून बाण दिसत व्हता. म्हणलं, बाईला कळत आसंल."

मी गाडी वळवली. शेळ्यांच्या जागेपासून उजवीकडे एक शेतरस्ता आत गेला होता. एका बाजूला काटेरी कुंपण, दुसऱ्या बाजूला चर. टोकाला कांदे साठवायची चाळ आणि लिंबाचं झाड. झाडाखाली बाजेवर नवरदेव बसलेला, बाशिंगासकट. एक म्हातारं जोडपं कांदे निवडायचं सोडून वऱ्हाडाला पाणी देत होतं. मागाहून कळलं, दारात नवरदेव बघून आजींनी पहिल्यांदा आपल्या नवऱ्यालाच विचारलं होतं, "आवो, कुणाचं लगीन हाय आपल्यात?"

मी खाली उतरले आणि दोन्ही हात जोडले. "चूक माझी आहे. इंडिकेटर बंद करायचा राहिला." नवरदेवाचे काका तावातावानं पुढे आले. मुहूर्ताला अर्धा तास उरला होता, आणि मुलीकडचे फोनवर फोन करत होते. तेवढ्यात नवरदेवाची आई हसायला लागली. "आसूं द्या हो. बाईनं दिवा दाखवला, आपण वळलो. पाणी तर प्यायलो थंडगार!" तिच्यामागून बायका हसल्या, मग नवरदेवही. काका मात्र हसले नाहीत.

खरी पंचाईत टेम्पोची होती. नवरदेवाची गाडी अंगणात वळली, टेम्पो वळेना. सगळा रस्ता मागे मागेच जायचं होतं, आणि ड्रायव्हर घाबरलेला. एकदा त्यानं चाक चराच्या काठाला नेलं आणि आतल्या बायका किंचाळल्या.

मामा गाडीतून उतरले. धोतराचा सोगा खोचला, टेम्पोला एक फेरी मारली, चाकांकडे बघितलं.

"उतर बाबा खाली. समदे उतरा."

मी म्हणाले, "मामा, डोळे..."

"आरसे दिसतेत मला."

ते चढले, आरसा आपल्याला जमेल तसा वाकवला आणि टेम्पो मागे घेऊ लागले. घाई नाही, झटका नाही. कुंपण इकडे वीतभर, चर तिकडे वीतभर. सारं वऱ्हाड टेम्पोपुढून चालत येत होतं. डांबरी रस्त्याला लागल्यावर मामा खाली उतरले तेव्हा सदरा घामानं भिजला होता आणि तोंडावर असं हसू होतं, जे मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. सर्वांत आधी काकांनी त्यांचे हात हातात घेतले.

लग्न उशिरा लागलं, पण लागलं. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कांदेवाल्या आजी-आजोबांनाही काकांनी गाडी पाठवून आणवलं. मामांना नवरदेवाच्या बरोबरीनं फेटा बांधला. देवाला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती.

दुसऱ्या दिवशी मी गाडी गॅरेजवाल्याकडे नेली. त्यानं स्टिअरिंगखालची एक कळ ओढली आणि ते वर सरकवलं. बाण दिसला! पण आता कड्याच्या वरून रस्ता दिसेना. बुडाखाली उशी घेतली. रस्ता दिसला, बाण पुन्हा गायब. पाऊण तास आम्ही उशी आणि कळ यांचा खेळ केला. मामा बाजूला उभे राहून बघत होते.

"ज्यानं ह्यो बाण तिथं बसवला," ते म्हणाले, "त्याला एकदा हिच्या जागी बसवा."

शेवटी गॅरेजवाल्यानं रिक्षा मागे घेताना वाजतो तसला बझर आणला आणि इंडिकेटरच्या वायरला जोडला. आता इंडिकेटर चालू असेपर्यंत गाडी सारखी टीं टीं करते. विसरायची सोयच नाही. मी गल्लीत वळले की शेजारच्या काकूंना वाटतं, कुणीतरी गाडी मागे घेतंय. दोनदा त्यांनी धावत येऊन आपली स्कूटी बाजूला घेतली आहे.