मेंढवाड्यातला खोकला

दवणा जळाल्यासारखा वास आला की मला धावडा गावातला आमचा मेंढवाडा आठवतो. वडिलांचा जुना खोकला काही केल्या जाईना, म्हणून भोकरदनला चिनी पद्धतीनं उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांनी त्यांच्या पाठीत सुया टोचून वर तसल्याच वासाचा पाला धुमसवला, आणि खोकला थांबला. त्या संध्याकाळी वडील मेंढवाड्याजवळ गेले, तर मेंढ्या बुजून कोपऱ्यात दाटल्या आणि आमचं कुत्रं त्यांच्यावरच गुरगुरलं. “मला खोकल्यावरूनच वळखायची ही. आता मुद्दाम खोकावं लागंल,” ते हसत मला म्हणाले. पण त्यांनी खोकायच्या आतच मेंढ्यांच्या मागून कुणीतरी हुबेहूब त्यांच्यासारखं खोकलं, आणि कुत्रं शेपूट हलवत तिकडं गेलं. वडिलांनी माझा हात घट्ट धरला. हल्ली मलाही तसाच खोकला लागलाय, पण तो घालवायला मी कुठंच जात नाही.