खाट नंबर नऊला नहराचं पाणी

वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते बेल वाजवून बोलावतात! गोंदियाच्या आमच्या आश्रमात मी आणि शीलाताई, दोघी रात्रभर खाटेला खिळलेल्यांचं सगळं करतो. डायपर, स्पंजिंग, कुशी बदलणं. शीलाताई कामठ्याची. तिच्या जिभेला हाड नाही, पण हात मात्र लोण्यासारखा.

*

रेल्वेतून रिटायर झालेले एक साहेब आहेत. डायपर बदलायला गेलो की आधी घड्याळ बघतात. एकदा गरजले, "बारा मिनट लेट! वजह बताओ!"

शीलाताई गंभीरपणे म्हणाली, "पुढच्या खाटेवर मालगाडी आडवी आली ना, साहेब!"

साहेबांनी मान डोलावली. रेल्वेत हे कारण चालतं म्हणे.

*

एक गुरुजी फार लाजाळू. कपडे बदलताना डोळे घट्ट मिटून घ्यायचे. "मी डोळे मिटले, म्हणजे काही होऊनच नाही राहिलं!"

"तुम्ही मिटा गुरुजी," शीलाताई म्हणाली, "पण मी मिटले तर बोंब होईल!"

गुरुजी डोळे मिटूनच खदाखदा हसले. त्या रात्रीपासून त्यांची लाज निम्म्यावर आली.

*

चार नंबरच्या खाटेवरची गोमतीआजी सालेकशाकडची जुनी सुईण. आता स्वतःच्या हातानं पाणीही पिता येत नाही, पण अंग पुसताना आमचा हात चुकला की संपलंच. "काऊन घासून राहिली? भांडं हाये का मी? टिपून घे!"

एकदा तपासणीला आलेल्या मॅडम आमचं काम बघून खूश झाल्या. "ट्रेनिंग कुठे घेतलं?"

शीलाताई म्हणाली, "खाट नंबर चारवर!"

*

आणि नऊ नंबरवर पटलेबाबा. लकव्यानं डावी बाजू गेलेली. कमरेखाली जखम झाली होती. डॉक्टर म्हणाले, "दर दोन तासांनी कूस बदला. पंधरा दिवसांत सुकली नाही तर नागपूरला ऑपरेशन." या वयात ते झेपेल का, या काळजीनं त्यांची मुलगी रोज फोनवर रडायची. मलाही धडकी भरली होती.

आणि बाबा तर हात लावू देईनात! उजव्या हातानं खाटेचा दांडा धरायचे आणि शिव्या द्यायचे. चार रात्री वाया गेल्या.

त्यांची धानाची शेती चोरखमाऱ्याच्या नहरावर, म्हणजे कालव्यावर. तिथे आपली पाळी लागली की रात्रीही उठून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी सोडावं लागतं. पाचव्या रात्री शीलाताई त्यांच्या कानाशी ओरडली, "बाबा, नहराचं पाणी आलं! आपली पाळी लागली, उठा!"

बाबांनी दांडा सोडला. "आलं? मंग चाल ना लवकर!" आम्ही अलगद कूस बदलली.

मग रोज रात्री दर दोन तासांनी पाणी यायला लागलं. मधेच ओरडायचे, "बस कर, धान सडते!" मग तासभर पाणी बंद ठेवावं लागे.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखम सुकली होती! फोनवर मुलगी रडली, इकडे मीही रडले.

त्याच दिवशी शेजारच्या खाटेवर एक नवे आजोबा आले. कण्हत होते, कुणाला हात लावू देत नव्हते. रात्री दोनला मी बाबांकडे गेले, तर ते दांडा धरून आपले आपणच कुशीवर वळलेले!

"बाबा, पाणी आलं..." मी सवयीनं म्हणाले.

बाबांनी शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं. "माही बांधी भरली, बाई. आता त्याच्या बांधीत सोड."