आप्पांचं जातं आणि माझं पॅकिंग

ते जातं विमान कंपनीनं फोडलं नव्हतं. मी फोडलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साहेबांना नाही, आणि ज्यांचं जातं होतं त्या आप्पांना तर नाहीच नाही. उलट, जात्याची न्याय्य भरपाई मिळावी म्हणून कंपनीला जे अकरा ईमेल गेले ते सगळे मीच टाइप केले. प्रत्येकात ‘आपल्या कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे’ असे शब्द होते, आणि ते टाइप करताना माझं बोट एकदाही अडखळलं नाही.

तर आप्पा. हातात काहीही द्या, ते आधी तळव्यावर झेलल्यासारखं करायचे, डोळे बारीक करायचे आणि वजन सांगायचे. टिफिनचा डबा दिला तर म्हणायचे, “सातशे चाळीस. आज भाकरी कमी हाय, डिस्पॅच.” मी रांजणगावच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात, म्हणून ते मला नावानं न बोलावता ‘डिस्पॅच’ म्हणत. ते स्वतः गेटजवळच्या वजनकाट्यावर बसत. आधी तीसेक वर्षं दौंडकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर होते. रिटायर झाल्यावर घरी करमेना, म्हणून मांडवगण फराट्याहून रोज मोटरसायकलवर यायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या अंगात त्यांचं काम इतकं मुरतं की सुट्टीच्या दिवशीही ते उतरत नाही. आप्पा कारेगावच्या बाजारात वांगी घेताना बाईनं दोन वांगी वर टाकली की ती काढून परत ठेवायचे. “न्यायानं किती व्हतात तेवढीच द्या.” बाई म्हणायची, “आवो आप्पा, खुशीनं देती.” आप्पा म्हणायचे, “खुशी घरी न्या. किलोत घालू नका.” त्या बाईनं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “ह्यांच्या घरी कसं निभावतंय हो?”

निभावणारी घरात आता नव्हती. आप्पांच्या पत्नीला जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी शिकून पुण्यात नोकरीला लागली आणि तिथंच तिनं एक बंगाली मुलगा पसंत केला. आप्पांनी मुलाला घरी बोलावलं, त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन त्याचं मनगट थरथरतं का ते पाहिलं आणि होकार दिला. लग्न कोलकात्याला ठरलं. एकच अट आप्पांनी घातली. नवरीची हळद तिच्या आईच्या जात्यावर दळली जाईल.

आमच्याकडं लग्नाआधी जात्याला हळदकुंकू लावून सुपारी बांधतात आणि सवाष्णी हळकुंडं दळतात. आप्पांच्या पत्नीनं माहेराहून आणलेलं लहानसं जातं होतं, खास हळदीचं. “पोरीची हळद ह्याच्यावर,” असं ती म्हणून गेली होती. त्यामुळं ते जातं कोलकात्याला जाणार होतं, आणि विमानानं जाणार होतं, कारण जावयानं तिकिटं काढून पाठवली होती.

“डिस्पॅच,” आप्पा म्हणाले, “तुम्ही जर्मनीला मशीन पाठवता, तिथवर स्क्रॅच येत न्हाई. माझं जातं कोलकात्याला पोचवा.”

आता माझ्याबद्दल थोडं. बावीस वर्षांत माझ्या हातचा एकही डाग, म्हणजे बांधलेला नग, वाटेत फुटला नव्हता. मला दुसरं काहीच येत नाही. गाणं नाही, भाषण नाही, घरात खिळा ठोकायला सांगितला तर बायको आधी लेकरांना बाहेर पाठवते. पण खोकं भरावं तर मी. त्या वर्षी मला सुपरवायझर करायचं की नाही, हे ठरायचं होतं, आणि माझ्याकडं दाखवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

जेवणाच्या सुट्टीत मी जातं भरायला घेतलं. खालची तळी, वरची तळी, मध्ये फोम, चारही बाजूंनी थर्माकोल, दुहेरी पुठ्ठ्याचं खोकं, वर प्लास्टिकच्या पट्ट्या. शेवटची पट्टी खालून ओवायची होती, म्हणून खोकं कमरेएवढं उचललं. तेवढ्यात खिशात फोन वाजला. मी एक हात काढला.

खोकं कोपऱ्यावर पडलं, सिमेंटवर. आवाज मोठा नव्हता. आतून फक्त ‘टक्’ झालं, जणू कुणी जीभ टाळूला लावून सोडली.

उघडून बघायला हवं होतं. पण सुट्टीची दहा मिनिटं उरली होती, आप्पा गेटवरून निघालेच होते, आणि खोक्याचा कोपरा जरा दबण्यापलीकडं बाहेरून काही दिसत नव्हतं. दगड आहे, मी मनाशी म्हणालो, दगडाला काय होतंय. आणि मी काय केलं? दबलेल्या कोपऱ्यावर ‘नाजूक, जपून हाताळा’ असं स्टिकर चिकटवलं.

आप्पा आले. खोकं दोन्ही हातांवर घेतलं, डोळे बारीक केले. “तेरा सातशे,” ते म्हणाले, “झकास!” दगड फुटला म्हणून त्याचं वजन कमी होत नाही, आणि आप्पांकडं दुसरं माप नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कोलकात्याहून फोन आला. “डिस्पॅच, वरची तळी दुभंगली हो. नीट दोन तुकडे. पण तुमचं पॅकिंग! एक पट्टी हललेली न्हाई. हितली मंडळी जात्यापेक्षा तुमचं खोकंच बघत बसलीत.”

“मग हळद?” मी कसंबसं विचारलं.

“विहीणबाईंनी त्यांचा पाटा काढला. म्हणाल्या असाव्यात की दगड तो दगड. मला त्यांचं बोलणं कळत न्हाई, पण बाई चांगली हाय. हळद बारीक वाटली. पोरगी मात्र तुकडं मांडीवर घेऊन बसली थोडा वेळ.”

मला वाटलं, विषय संपला. आप्पांनाही तसंच वाटत होतं. परत आल्यावर त्यांनी कंपनीला एक साधं पत्र टाकलं. ‘आपल्या विमानात आमचे जाते फुटले. न्यायाने जी होईल ती भरपाई द्यावी.’ कंपनीचं उत्तर ईमेलवर आलं, म्हणजे माझ्या मोबाइलवर, कारण पत्रात ईमेलचा पत्ता माझा दिला होता. ‘नाजूक वस्तूंच्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही.’

आप्पांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. “नाजूक? दगड नाजूक?”

“स्टिकर होतं ना आप्पा, नाजूक म्हणून.”

“तुम्ही चिकटवलं ते तुमच्या चांगुलपणानं. त्यांना विचारा, दगड तुमच्याकडं नाजूकात धरत असतील तर टणकात काय धरता?”

मी तसं इंग्रजीत लिहिलं. आठ दिवसांनी दुसरं उत्तर आलं आणि त्यानं घात केला. ‘बाहेरील खोके सुस्थितीत असल्याने नुकसान आतील सदोष पॅकिंगमुळे झाले आहे.’

आप्पा खुर्चीतून उठले. बाहेर काट्यावर ट्रक उभा होता. तो उभाच राहिला. “सदोष? तुमचं पॅकिंग? खोकं शाबूत हाय म्हंजी पॅकिंग चांगलं, येवढं शेंबड्या पोराला कळंल! हे लेखी आलंय डिस्पॅच. उद्या साहेबाच्या हातात पडलं तर? तुमचं सुपरवायझरचं ठरायचंय ह्या वर्षी.”

“जाऊ द्या ना आप्पा.”

“तुम्ही भिडस्त हाय, म्हणून तुमचं असं हुतं. जात्याचं पैसं गेलं तेल लावत. आधी ही ओळ मागं घ्यायला लावतो.”

आणि अशा रीतीनं, ज्यानं जातं फोडलं त्याची अब्रू राखण्यासाठी ज्याचं जातं फुटलं तो लढायला उभा राहिला.

पुढचे कित्येक महिने आप्पांनी त्या कंपनीला सुखानं उडू दिलं नाही. फोन लावायचा मी, बोलायचे ते, स्पीकरवर. पलीकडची मुलगी हिंदीत विचारायची, “सर, आपका आयटम क्या था?” आप्पा सांगायचे, “जाता.” ती म्हणायची, “कौन जाता, सर?” मग आप्पा तिला गोल हात फिरवून दाखवायचे. फोनवर! नंतर नंतर त्या मुलीला आप्पांचा आवाज ओळखू येऊ लागला. एकदा तिनं आपणहून विचारलं, “अंकल, बेटी ठीक है?” त्यावर आप्पांनी तक्रार अर्ध्यात सोडून तिच्याशी दहा मिनिटं लेकीच्या संसाराबद्दल गप्पा मारल्या आणि ठेवताना म्हणाले, “तुम अच्छी हाय. तुमारी कंपनी सदोष हाय.”

कंपनीनं प्रतिज्ञापत्र मागितलं. आम्ही शिरूरला गेलो. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या वकिलानं आप्पांचा मजकूर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, “आप्पा, जमिनीचं असतं, वारसाचं असतं. जात्याचं पहिलंच.” खाली माझं निवेदन होतं: ‘सदर जाते मी स्वहस्ते बांधले असून बांधतेवेळी ते सुस्थितीत होते.’

मी पेन हातात घेतलं. मनात शब्द चाचपत होतो. बांधतेवेळी होतंच की सुस्थितीत. शेवटची पट्टी सोडून. खरं सांगायची हीच वेळ होती, तोंड उघडलंही होतं. आप्पा वकिलाला सांगत होते, “बावीस वर्षांत एक डाग फुटला न्हाई ह्यांच्या हातून. मी निसता सांगत न्हाई, शपथेवर सांगतो.” आणि खरंच, त्यांनी ते वाक्य स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात घालायला लावलं.

मी सही केली.

ग्राहक मंचात जाऊ, अशी नोटीस गेल्यावर कंपनी नमली. पत्र आलं: पॅकिंगमध्ये कोणताही दोष आढळला नाही, भरपाई मंजूर. आप्पांनी पत्राची रंगीत प्रत काढली आणि सरळ आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांना तर असंच काहीतरी हवं असतं. पत्र फ्रेम होऊन डिस्पॅच खात्यात लागलं, मला शाल-नारळ मिळाला, आणि महिन्याभरात मी सुपरवायझर झालो. टाळ्या वाजत होत्या तेव्हा सगळ्यात मोठ्या आप्पांच्या होत्या.

पण आप्पांचं अजून भागलं नव्हतं. कंपनीनं किलोच्या हिशेबानं पैसे दिले होते, तेही पुरत्या तेरा किलो सातशेचे. “पुठ्ठ्याचं बी पैसं दिल्यात!” ते अस्वस्थ होऊन म्हणाले. “खालची तळी शाबूत हाय, तिचं कसलं पैसं? फुटलं तेवढंच न्यायानं घ्यायचं.” त्यांनी फुटकी तळी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणली, बाकीच्या वजनाची रक्कम काढली आणि ती परत घ्यावी म्हणून मला बारावा ईमेल लिहायला लावला. कंपनीचं उत्तर आलं की रक्कम परत घेण्याची आमच्याकडे सोय नाही. फोनवरची मुलगी तर रडवेली झाली, “अंकल, प्लीज रख लीजिए.” शेवटी आप्पांनी पोस्टात वेगळं खातं उघडलं. पासबुकाच्या कव्हरवर लिहिलं, ‘विमानवाल्यांचे’. “मागाय आले तर तयार असावं,” म्हणाले.

जो माणूस पुठ्ठ्याचं वजन वजा करतो, त्याच्या बाबतीत आपण काय करून बसलो, हे मला त्या पासबुकानं कळलं. त्याआधी कळत नव्हतं असं नाही; पण त्याआधी मला झोप लागत होती.

पुढं लेकीला मुलगी झाली आणि आप्पांनी कोलकात्याला जाऊन राहायचं ठरवलं. दौंडच्या एका पाथरवटाकडून त्यांनी वरची नवी तळी घडवून घेतली. मी बरोबर होतो. पाथरवटानं जुने तुकडे हातात फिरवले, चिरेवरून अंगठा नेला. “आप्पा, ही लई उंचावरनं न्हाई पडली. कमरंइतक्या उंचीवरनं, कडंवर आपटलीय. खाली सिमिट असणार.”

मी पाथरवटाच्या छिन्न्या मोजू लागलो.

“विमानतळावर बी सिमिटच असतंय,” आप्पा म्हणाले, आणि विषय त्यांच्यापुरता मिटला.

जातं पुन्हा मीच बांधलं. या वेळी जमिनीवर मांडी घालून, फोन बंद करून, खोकं एक वीतही न उचलता. दौंड स्टेशनवर कोलकात्याची गाडी लागली तेव्हा हमाल पुढं आला. आप्पांनी त्याला हातानंच थांबवलं. जीप चालवत आलेला भाचा वाकला, त्यालाही बाजूला केलं. “न्हाई, हे डिस्पॅच उचलतील. ह्यांच्या हातात फुटायचं न्हाई.”

मी उचललं. तेरा सातशेच असेल. डब्याच्या पायऱ्या एकेक करून चढलो. आप्पांच्या बर्थखाली खोकं सरकवलं आणि सरळ झालो, तर ते शेजारच्या प्रवाशाला कंपनीचं पत्र दाखवत होते. घडी घालून खिशात ठेवलेलं होतं. “हे बघा, हेच ते. माझ्या ओळखीत येवढा एकच माणूस हाय, ज्याचं काम विमानवाल्यांनी लेखी मान्य केलं.” शेजारी माझ्याकडं आदरानं पाहू लागला. गाडीनं शिट्टी दिली. मी आप्पांच्या पाया पडलो आणि उतरलो.

आता गेटवरच्या काट्याला आकडा दाखवणारी पाटी लागली आहे आणि तिथं खुर्चीच ठेवलेली नाही. दर रविवारी कोलकात्याहून फोन येतो. नातीचं वजन ते ग्रॅमसकट सांगतात. मी ऐकून घेतो, हो म्हणतो आणि ठेवतो.

आप्पांना एक खरं सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.