हंपी राहिलेला विरूपाक्ष

विरूपाक्ष संकेश्वरेंनी कागलला दुसरं घर केलंय, ही बातमी आमच्या राजारामपुरीतल्या बोळात शहाण्णव साली फुटली. पुरावा भक्कम होता. रोज संध्याकाळी बँक सुटली की हा गृहस्थ केसांना पाणी लावून, एक कापडी पिशवी छातीशी धरून कागलच्या गाडीत बसायचा. शेजारी कुणी सरकून बसलं तरी पिशवी मांडीवरून हलायची नाही. सणवार नाही, ताप-खोकला नाही, कागल चुकायचं नाही. सख्ख्या बायकोसाठी इतकं कोण करतं? फुलं विकणाऱ्या शालूबाईनं तर त्या बाईचं वर्णनही देऊन टाकलं होतं : रंग उजळ, नाकात चमकी. तिनं तिला कुठं बघितलं, हे विचारायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही.

बातमी फिरत फिरत नीलम्मावहिनींपर्यंत, म्हणजे संकेश्वरेंच्या पहिल्या आणि एकुलत्या एक बायकोपर्यंत पोचली. वहिनी बैलहोंगलकडच्या. भाकरी थापायची थांबवून खदखदा हसल्या.

"दुसरी असती तर एखादी रात तिच्याकडं काढली नसती व्हय ह्यांनी? बँकेची टेप घिऊन जात्यात. ठेवत्यात आणि येत्यात. तिला कसली आलीया चमकी!"

तर भानगड अशी होती. आण्णा (सारा बोळ विरूपाक्षांना आण्णाच म्हणतो) एका सहकारी बँकेत कॉम्प्युटर सांभाळायचे. बँकेचं नाव सांगत नाही, माझं खातं अजून तिथंच आहे. दिवसभराचा सगळा हिशोब रोज एका टेपवर उतरवायचा आणि ती टेप दुसऱ्या गावात, दुसऱ्या छपराखाली नेऊन ठेवायची. राजारामपुरीत आग लागली, पाणी शिरलं, तरी बँक कागलच्या तिजोरीत जिवंत राहिली पाहिजे. टेप दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची आण्णांची छाती होत नव्हती आणि दुसऱ्या कुणाला ती घ्यायची हौस नव्हती. म्हणजे माणूस बांधला गेला. लग्नाला गेले तर अक्षता पडल्या की गाडी गाठायची. जेवण पुढच्या लग्नात.

त्यात एक नवस होता. आण्णांच्या आईनं हंपीच्या विरूपाक्षाला बोलून ठेवलं होतं, मुलगा झाला तर तुझंच नाव ठेवीन आणि त्याला तुझ्या पायावर आणून घालीन. मुलगा झाला, नाव ठेवलं, पायावर घालायचं राहिलं. म्हातारी जाताना ते ओझं सुनेच्या पदरात टाकून गेली. वहिनी दरवर्षी बॅग भरायच्या, आणि दरवर्षी बॅगेतले कपडे परत दोरीवर दिसायचे. मी चिडवायचो, "वहिनी, हंपी कपड्यांनीच बघितली काय?" त्या लाटणं दाखवायच्या.

मग दोन हजार तीनच्या आसपास बँकेनं कागलपर्यंत टेलिफोनची खास लाईन घेतली. इथं डिस्कचं एक कपाट, तिथं तसंच, त्याच कंपनीचं दुसरं. इथं जे लिहिलं जाईल ते संध्याकाळी तारेतून तिथल्या कपाटात. पिशवी सुटली! आण्णांनी बोळात पेढे वाटले, वहिनींनी बॅग काढली. पण रस्ता खोदणाऱ्यांना त्या लाईनीचं काय प्रेम होतं कोण जाणे. उचगावला चर मारली, लाईन तुटली. गोकुळ शिरगावला पाईप टाकला, लाईन तुटली. तुटली की कॉपी अर्धी, आणि अर्धी कॉपी म्हणजे काहीच नाही. मग सगळं पहिल्यापासून. आधी आण्णा निदान कागलची हवा तरी खाऊन यायचे. आता एका खोलीत बसून हिरव्या दिव्याकडं बघत राहायचे.

"आण्णा, बढती मिळाली म्हणायची," मी म्हटलं. "आधी पोस्टमन हुतासा, आता वॉचमन."

"व्हय. आणि पोस्टमनला रविवार असतोय," आण्णा म्हणाले.

त्यानंतर आलं ते तिसरंच. खोलीभर मशिनं होती, ती गेली आणि त्या सगळ्यांची कामं एका मोठ्या मशिनच्या पोटात बसवली. आतली मशिनं हाताला लागत नाहीत, पण चालतात, रुसतात, बंद पडतात. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं सांगितलं की आता कपाटाची कॉपी नको, या आतल्या मशिनांचीच कॉपी करू. एक अक्षर इथं उमटलं की घटकाभरात तिथं. लाईन तुटलीच तर राहिलेलं तेवढंच नंतर जाईल. कागलला एक अख्खं जुळं भावंड झोपून राहील आणि इथली नाडी बंद पडली की त्याला उठवायचं.

"उठवायचं कुणी?" आण्णांनी विचारलं.

"तुम्ही. खात्री करायची आणि हुकूम द्यायचा."

आण्णांचा चेहरा उतरला. "आपोआप उठू दे की त्याला."

"येतं करता, पण एखाद्या वेळी उगीचच उठून बसेल हो."

"बसू दे. मला एकदा जाऊन यिऊ दे."

इंजिनिअरनं तसं करून दिलं. चेअरमन बाळासोंनी रजेवर सही केली. बॅग भरली गेली आणि खरोखर बोळातून बाहेर पडली. वहिनींनी देवापुढं घालायला आण्णांसाठी नवा पांढरा सदरा घेतला होता. दिवस खंडेनवमीचा.

आता आपल्याकडं खंडेनवमीला काय करतात? लेथ असो, ट्रॅक्टर असो, मशीन बंद करून, पुसून, त्याची पूजा करतात. चालत्या मशिनला कुंकू लावायचं नसतं. दरवर्षी हे आण्णाच करायचे, आणि आधी कागलकडची कॉपी थांबवून मगच बटण दाबायचे. यंदा ते सांगायचं घाईत राहून गेलं. डोळ्यांपुढं हंपीची तुंगभद्रा होती ना!

बाळासोंनी हात धुतले, टोपी घातली आणि स्वतःच्या हातानं मशीन बंद केलं. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, आरती. आरती मोठी होती. तेवढ्या वेळात कागलच्या जुळ्यानं ओळखलं की थोरला गेला, आणि ते उठून कामाला लागलं. इकडं कापूर विझला, बाळासोंनी 'हर हर महादेव' म्हणून बटण दाबलं. थोरलाही उठला. अर्ध्या शाखा याच्याशी बोलू लागल्या, अर्ध्या त्याच्याशी. बँक एक, मुनीम दोन, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

पहिली बोंब शालूबाईची. सणाच्या फुलांचे पैसे तिनं उचगाव शाखेत भरले होते आणि राजारामपुरीच्या कौंटरवर त्यांचा मागमूस नव्हता. "सकाळी भरलं न्हवं मी! नारळात घालून फोडलासा काय माझं पैसं?"

फोन गेला तेव्हा आण्णा हुबळीच्या स्टँडवर होते. समोर हंपीकडं जाणारी होसपेटची गाडी लागलेली.

"आण्णा, दोन्हीकडचं सुरू झालंय!" बाळासो ओरडत होते. "एक बंद करतो. कुठलं करू?"

कुठलंही बंद केलं तरी अर्ध्या गिऱ्हाइकांचा दिवस पुसला जाणार होता. आण्णांना ते कळत होतं, दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. कंडक्टरनं घंटी मारली.

"कशालाच हात लावू नका," आण्णा म्हणाले. "कौंटर बंद करा. मी येतो."

वहिनींनी त्यांच्याकडं बघितलं. बॅगेतून पांढरा सदरा काढून काखेत धरला आणि गाडीत चढल्या. खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "तुमी जावा. मी जाते."

दसऱ्याला सगळं गाव सोनं लुटत होतं आणि आण्णा त्या गार खोलीत दोन अर्धे दिवस जोडून एक करत बसले होते. आम्ही बोळातली मंडळी सोनं द्यायला गेलो. त्यांनी दार पावलाएवढं उघडलं, आपट्याची पानं घेतली, आणि दार लावलं. मलाही त्या दिवशी चेष्टा सुचली नाही.

शालूबाईचे पैसे सापडले, सगळ्यांचेच सापडले. वहिनीही परत आल्या. पुजाऱ्यानं सदरा देवाच्या पायावर ठेवला होता, त्याला अंगारा लावला होता. आण्णांनी तो घडी न मोडता कपाटात ठेवला. आणि बँकेनं ठराव केला : आपोआप उठणं बंद, यापुढं माणसाच्या हुकमाशिवाय कागलचं मशीन उठणार नाही. माणूस कोण, हे ठरावात लिहायची गरजही कुणाला वाटली नाही.

आण्णांनी रजेचा दुसरा अर्ज दिला. बाळासो स्वतः घरी आले. चहा झाला, प्रसाद झाला. मी कट्ट्यावर होतोच.

"आण्णा, आता कशाला रजा?" बाळासो गोड आवाजात म्हणाले. "नवस फिटला की. तुमच्या जागी सदरा पोचला, देवानं मान्य केला. गेल्यासारखंच झालं न्हवं?"

आण्णांनी कप खाली ठेवला.

"सदऱ्याला डोळं हाईत व्हय, साहेब?"