बाईंना रात्र परत मिळाली

बावीस वर्षं वॉचमनची रात्रपाळी केलेला माणूस आजाऱ्याची सेवा करायला निघाला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. पण बायकोच्या शेवटच्या आजारपणात त्यानं सगळं आपल्या हातांनी केलं होतं. पुढे त्यानं रीतसर शिक्षण घेतलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काम धरलं. सगळे त्याला काका म्हणत.

या घरी तो आला एका निवृत्त मुख्याध्यापिकेसाठी. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून बाई पाच महिने अंथरुणाला खिळलेल्या. डोळे अर्धवट उघडे, पण नजर कशावर ठरत नसे. अन्न नाकातल्या नळीतून. मुलगी एकटीच, दिवसा नोकरी, रात्री आईच्या उशाशी जागरण.

"दिवसभर शांत पडून असते," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "रात्री मात्र कण्हते, चादर ओढते, नळीला हात घालते. तिला म्हणे आता दिवसरात्रीचं भानच नाही."

काकांनी खोलीवरून नजर फिरवली. जाड पडदे भर दुपारी ओढलेले. एअर बेडचा पंप उशाशी घरघरत होता. तीन रात्री मुद्दाम थांबून त्यांनी वहीत टिपून ठेवलं. ट्यूबलाइट रात्रभर चालू. दहाला औषध, अकराला डायपर, बाराला कूस, एकला पुन्हा औषध. बाईंना तासभर सलग कुणी पडू देत नव्हतं.

"ताई, बाईंना भान नाही हे खरं," ते म्हणाले. "पण या खोलीला तरी कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पलंग खिडकीशी सरकवला, पडदे उघडले आणि बाईंना उशांच्या आधारानं टेकवून बसवलं.

"काका, अहो, झोपू द्या तिला! दिवसा तरी डोळा लागतो बिचारीचा."

"मी बावीस वर्षं दिवसा झोपलोय, ताई. ती झोप अंगाला लागत नाही."

आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी वही वाचली. गुंगीच्या गोळीनं बाई दिवसाही पेंगत होत्या, म्हणून ती कमी केली. औषधांच्या वेळाही जुळवून दिल्या.

"पण कूस बदलणं चुकवायचं नाही हं," त्यांनी बजावलं. "पाठीला जखम झाली तर सगळं मुसळ केरात."

"चुकणार नाही. डायपर, औषध, कूस सगळं एका हातासरशी उरकायचं. मधल्या वेळात कुणी हात लावायचा नाही."

पंप गादीच्या पायथ्याशी, जाड घोंगडीवर गेला. रात्री फक्त मिणमिणता दिवा. दिवसा काका तोंड पुसत, केस विंचरत, वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि मोठ्या शब्दांशी अडखळले की बाईंचीच माफी मागत.

दहा दिवस काडीचाही फरक नाही. उलट अकराव्या रात्री बाईंनी नळीच उपसली. सकाळी डॉक्टरीणबाईंनी येऊन ती परत घातली, तेव्हा मुलीचा धीर सुटला.

"नाही जमणार हे. पूर्वीसारखंच राहू दे."

"आणखी एक आठवडा द्या," काका म्हणाले. "मग तुम्ही म्हणाल तसं."

त्या आठवड्यात बाई आधी दोन तास सलग झोपल्या, मग तीन. म्हणून तो आठवडा पुढे वाढला. तेविसाव्या दिवशी मुलीला जाग आली तेव्हा साडेसहा वाजले होते. तीनला कूस बदलल्यापासून आईचं कण्हणं कानावर आलं नव्हतं. अनवाणी धावत ती पलंगाशी गेली. आईचं तोंड किंचित उघडं, छाती संथ वरखाली होत होती. बाई गाढ झोपल्या होत्या. मुलगी तिथंच जमिनीवर बसून पोटभर रडली.

काका आठला आले. ती हे सारं सांगत असतानाच ऊन सरकत उशीवर आलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी मान हळूच वळवली.

"काका! आईनं तोंड फिरवलं!"

"मग बघता काय? पडदा ओढा थोडा. ऊन नकोय म्हणतायत बाई, ऐकायला नको?"

बाई पुढेही चालल्या नाहीत. पण सकाळच्या वेळी त्यांची नजर मुलीच्या मागं मागं खोलीभर फिरू लागली, आणि कधीमधी त्या तिचा हात घट्ट धरू लागल्या. मुलीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. डॉक्टरीणबाई आता नव्या घरी काकांना पाठवताना सांगतात, "हे आधी खिडकी उघडतील. उघडू द्या."