तळाचा सा

माझ्या साडूइतका तारेने पछाडलेला माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे विधान मी शपथेवर करावयास तयार आहे. तहसील कचेरीच्या आवारात बसून लोकांचे अर्ज लिहून देण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा शपथेवरच्या विधानाची जोखीम मला ठाऊक आहे. साडू मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते, पण तो निव्वळ त्यांच्या उदरनिर्वाहाचा तपशील झाला. त्यांच्या मते जगातील यच्चयावत वस्तूंचे दोनच वर्ग होते: ताणल्यावर बोलणाऱ्या आणि ताणल्या तरी मुक्या राहणाऱ्या. दुसऱ्या वर्गात ते आपल्या जिनिंगच्या मालकाला घालीत आणि रागावले की मलाही.

रस्त्याने त्यांच्याबरोबर चालणे ही शिक्षा होती. पिंजाऱ्याच्या दुकानापाशी ते हटकून थांबत, कापूस पिंजणाऱ्या धनुकलीची तात कानोसा घेऊन ऐकत आणि त्या बिचाऱ्याला सांगत, "दोरी थोडी आवळ, तुझा गंधार उतरलाय." मानवत रोड स्टेशनच्या वाटेवर तारखात्याचे खांब होते. वारा सुटला की एखाद्या खांबाला मिठी मारून, कान चिकटवून ते उभे राहत. एकदा आमची एस.टी. या कारणास्तव खोळंबली, तेव्हा कंडक्टर दारातून ओरडला, "काका, खांब बी येणार हाय का संगं? त्याचं बी तिकीट फाडू का?" घरी कपडे वाळत घालण्याची तार सैल झालेली त्यांना खपत नसे. "ह्यांच्यापायी माझ्या घरात धुणं वाळत न्हाई," माझी मेहुणी म्हणे, "आधी तार सुरात लागायला पायजे, मग लुगडं." आमच्या सासऱ्यांच्या आजारपणात मी तार करावयास निघालो असता या गृहस्थांनी मला उंबऱ्यात थांबवून विचारले होते, "कोणत्या पट्टीत?" मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोललो नाही. सोळाव्या दिवशी ते स्वतः आले आणि माझ्या दाराची कडी साखळी किती बेसूर वाजते, यावर अर्धा तास बोलून गेले. त्यांच्या बाजूने हीच क्षमायाचना होती.

तरुणपणी हैदराबादेत एका पलटणीतल्या बँडमास्तराकडे ते व्हायोलिन शिकले होते. वाजविणे अनेकांना येते. साडू तेथून एक निराळीच व्याधी घेऊन आले. एका चालीखाली चार तारवाद्यांनी चार वेगवेगळ्या वाटांनी चालावे आणि तरी ती एकाच घराची माणसे वाटावीत, अशी मांडणी ते करीत. कागदावर पाच रेघा ओढून त्यावर टिंबे मांडीत बसलेले पाहिले की मेहुणी म्हणे, "मांडली बघा मुंग्यांची वरात." अडचण एवढीच होती, की मांडणी चार व्हायोलिनांची असे आणि मानवतमध्ये व्हायोलिन एकच होते.

मग त्यांनी गावात जी तार सापडेल ती गोळा केली. एक होते सारंगीवाले चाचा, वयाने आम्हा सर्वांहून वडील. दुसरे किराणा दुकानदार अप्पा. शिवाच्या भजनात एकतारी धरणारे, तोलूनमापून बोलणारे. आणि तिसरा केरबा, सोनपेठकडच्या एका खेड्यातल्या दलित वस्तीतला, हंगामात जिनिंगवर हमालीला येणारा. त्याच्याकडे त्याच्या बापाचे टुणटुणे होते. चौथे साडू स्वतः. पाच रेघांचे कागद या मंडळींना काय कळणार! साडू प्रत्येकाची वाट त्याला गाऊन पाठ करवीत.

पहिल्याच बैठकीत तंटा झाला, तो सा कोणाचा घ्यायचा यावरून. चाचा म्हणाले, "सारंगी के होते हुए किसी और का सा? तौबा!" अप्पा म्हणाले, "माझं वाद्य देवाचं हाय. ते कुणाच्या मागं जाणार न्हाई." साडूंनी न्यायनिवाडा केला तो असा: "सा केरबाचा. टुणटुण्याला दुसरं काही येतच नाही. ज्याला एकच गोष्ट येते, त्याची ती पक्की असते." केरबा हसून म्हणाला, "बगा बरं. गावात माजं कुणी ऐकत न्हाई, घरात बायकू ऐकत न्हाई. अन् हितं तीन शाने मानसं कान टवकारून बसल्यात." त्या दिवसापासून केरबाने आधी एकदा टुंग करावे आणि बाकीच्यांनी आपापल्या खुंट्या पिळाव्यात, हा परिपाठ पडला. पाच जणांतला मी एकटाच बिनतारेचा. माझ्याकडे सतरंजी झटकण्याचे काम होते.

पुढे नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात काय काय पेटले, ते मी येथे सांगत बसणार नाही. एका विद्यापीठाला एका महापुरुषाचे नाव द्यावयाचे, एवढ्यासाठी ज्यांनी माणसांची घरे जाळली, त्यांच्याविषयी लिहू लागलो की अर्जाची भाषा मला पुरत नाही. केरबाचे घर त्यात गेले. त्याच्या सांगण्यावरून मी पंचनाम्याची नक्कल मिळविली. तीत लिहिले होते, 'घरास आग लागली.' लागली! 'लावली' नव्हे. एका अक्षराच्या फरकाने गुन्हेगार नाहीसे करण्याची ही विद्या पाहून मी जो अर्ज लिहिला, त्यामागून जे स्मरणपत्र लिहिले आणि त्यामागून जी आणखी लिहिली, त्या सर्वांना पोच आली. उत्तर आले नाही. केरबा मात्र अंगावरच्या कपड्यांनिशी साडूंच्या दारात उभा होता तेव्हा एवढेच म्हणाला, "भांडीकुंडी ऱ्हायली. हे तेवढं काखंत आलं बगा." काखेत टुणटुणे होते.

बैठका बंद पडल्या. कोणी कोणाशी भांडले नव्हते. म्हणूनच ते मिटविता येत नव्हते. अप्पा म्हणत, "माझ्या मनात काय बी न्हाई हो. पर दुकान गावात हाय." केरबा म्हणे, "आमी येऊ. पर परत जायाची वाट गावातूनच हाय की." दोघांचेही बोलणे खरे होते आणि साडूंना ते खरे असण्याचाच संताप होता. "चारही तारा शाबूत आहेत," ते मला म्हणाले, "आणि वाद्य फुटलंय!"

दोन-तीन वर्षांनी त्यांच्या पुतण्याने आखातातून टेपरेकॉर्डर आणला. माझ्याकडे एक जुना होता. तो साडूंनी न विचारता उचलून नेला. त्यांची युक्ती अशी: एका यंत्रावर पहिल्याचे वाजविणे लावायचे, त्याच्या सुरावर दुसऱ्याने वाजवायचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रात भरायचे. मग त्यावर तिसरा, मग चौथा. कोणी कोणाशेजारी बसावयास नको. ज्याचे त्याने आपल्या उंबऱ्याच्या आत वाजवावे. यंत्र दारोदार हिंडेल.

सुरुवात अर्थातच केरबापासून. वस्तीत नव्याने उभारलेल्या कुडाच्या घरात त्याने सबंध चालभर एकट्याने टुंग, टुंग केले. समोर चाल नाही, सोबत नाही. संपल्यावर विचारले, "सायब, समद्यांचं वाजल्यावर मी ऐकू यीन का?"

"तुझ्यावरच सगळं उभं आहे, केरबा. शब्द देतो," साडू म्हणाले.

चाचांनी टेप ऐकला आणि सारंगी मांडीवर घेत म्हणाले, "अरे, ये तो अपना केरबा है. चलो, बैठते इसके सुर पे." अप्पांनी आधी दुकानाची फळी लावली, मग विचारले, "हा सा कुणाचा?" साडू म्हणाले, "टेपचा." अप्पा बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "आमाला नका शिकवू. टेपला कुठं येतंय असं." धोतराच्या सोग्याने त्यांनी एकतारी पुसली आणि डोळे मिटून वाजविली. शेवटी साडूंनी आपले व्हायोलिन भरले.

मग आम्ही तो ऐकला. व्हायोलिन झळझळीत. एकतारी स्पष्ट. सारंगी थोडी दूरवरची, पलीकडच्या आळीतून आल्यासारखी. केरबाच्या जागी नुसता खरखराट. जो सगळ्यांत आधी भरला, तो प्रत्येक थराबरोबर खाली खाली गेला होता. त्याच्या एकट्याच्या मूळ फितीवर आम्ही पुढचा थर भरून बसलो होतो. साडूंनी टेप उलटसुलट फिरविला, यंत्राला कान लावला, खांबाला लावीत तसा. "ज्याच्यावर उभं केलं, तोच गाडला गेला हो," असे म्हणून पुरुषमाणूस माझ्यासमोर रडला.

उपाय त्यांना सुचला होता: केरबाला पुन्हा, सर्वांत शेवटी, सर्वांच्या वर भरायचे. पण आम्ही वस्तीत पोहोचलो तेव्हा केरबा बायकोपोरांसह कामाच्या शोधात पुण्याकडे निघून गेलेला होता. पुण्याकडे म्हणजे कोठे, ते कोणी सांगू शकले नाही. मी पत्रे लिहिली. वीटभट्ट्यांना, मुकादमांना, ज्याचे नाव कळेल त्याला. 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन ती परत येत. केरबासाठी घेतलेल्या कोऱ्या फिती साडूंनी जपून ठेवल्या होत्या. कोणी पुण्याकडे जाऊन आले की ते एकच विचारीत, "केरबा दिसला का?"

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव लागल्याची बातमी आली, तेव्हा चाचा हयात नव्हते, अप्पांनी दुकान मुलाकडे दिले होते आणि साडू पुरते बहिरे झाले होते. मी बातमी कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दोनदा वाचली, उठले, तो टेप काढला आणि लावला. त्यांना व्हायोलिनसुद्धा ऐकू येणे शक्य नव्हते. मला केरबा ऐकू येणे शक्य नव्हते. त्यांनी यंत्रावर डावा तळहात ठेवला आणि उजव्या हाताने माझे मनगट धरले. आणि त्यांचे बोट माझ्या नाडीवर पडू लागले. टुंग. टुंग. जेथे जेथे केरबा होता, तेथे तेथे.

साडू त्यानंतर वर्षभराने गेले. तो टेप माझ्याकडे आहे. फीत झिजली आहे, अप्पांची एकतारीसुद्धा आता खरखरीत बुडत चालली आहे. कधीमधी मी तो लावतो आणि माझेच मनगट माझ्या हातात धरून बसतो. बाहेर तारेवर धुणे वाळत असते. ती तार फार दिवसांत कोणी आवळलेली नाही.