बारा अक्षरांची ओळ

करीमभाई गेल्याचं त्यांच्या मुलीने, शबानाने, फोनवर सांगितलं, तेव्हा मी दहावीतल्या नातीच्या कवितेची अक्षरं मोजत होतो. चाळीस वर्षं मराठी शिकवल्याची ही खोड. कविता दिसली की आधी बोटं चालतात, मन मागाहून येतं.

जुन्या जालन्यात करीमभाईंचं शिलाईचं दुकान होतं. शाळेत नोकरीला लागल्यापासून माझे शर्ट तेच शिवायचे. घरात उर्दू, पण मराठी कवितेचं वेड दांडगं. भाभी गेल्या त्या वर्षी त्यांनी मापाच्या वहीच्या मागच्या पानावर एक कविता लिहिली आणि लाजत माझ्यापुढे धरली. ‘ऊन आलं अंगणात, चहा निवला कपात...’ यमक चोख, प्रत्येक ओळ आठ अक्षरांची. फक्त कडव्याच्या शेवटी ‘अजी सुनो’ तीनदा. म्हणजे बारा अक्षरं! मी म्हणालो, “दोनदा पुरे. तिसरं वृत्ताबाहेर जातंय.” त्यांनी क्षणभर वहीकडे पाहिलं. “तुम्ही म्हणता तं बराबरच असंल, सर,” म्हणाले आणि कानामागची पेन्सिल काढून खोडलं. कविता तशीच दिवाळी अंकात छापून आली. मी मिरवलोसुद्धा.

पुढं एकदा दुकानात चहा पिताना ते सहज बोलून गेले, “पहिल्या दोन हाकांना ती ओ द्यायचीच न्हाई, सर. मुद्दाम. हसत बसायची. तिसरी मारली की मंग उठायची.”

मी कप खाली ठेवला. “अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्ही मास्तर. अन् राहू द्या आता. कापल्यालं कापड जोडलं तरी जोड दिसतोच.” रागाचा लवलेश नव्हता, म्हणून जास्त लागलं. इतका शहाणा मी, आणि त्या घरातली हाकच कापून बसलो होतो.

करीमभाई जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला शबाना म्हणाली, “सर, अब्बांची कविता वाचा ना.” बैठकीत पाहुणे बसले होते. मी अंक उघडला. कडवं वाचलं, छापलेल्या दोन हाका वाचल्या आणि अंक मिटला. मग तिसऱ्यांदा म्हणालो, “अजी सुनो...”

शबाना दाराला टेकून उभी होती. खोडलेल्या हाकेचं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

“हां, आता बराबर झालं,” ती म्हणाली. “आता उठली असती अम्मी.”